नंतरच्या माणसाचं पाणी

मी मोरिशिता-सानांना दोन पत्रं लिहिली. पहिलं ऑक्टोबरात, दुसरं नोव्हेंबरच्या शेवटी. दोन्हींत विनंती एकच होती : माझ्या व्हिसाच्या अर्जावर हमीदार म्हणून सही कराल का? दोन्हींना वेळेवर उत्तरं आली. पहिल्यात लिहिलं होतं, की अंगणातल्या झाडाला यंदा फळं कमी धरली आणि त्यांच्या आईचा गुडघा आता बरा आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं, की डोंगरावर पहिलं बर्फ पडलं, पुण्यात थंडी कितपत आहे? सहीबद्दल एक अक्षरही नव्हतं.

"म्हणजे नाही," आई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"नाही असं लिहिलेलं नाही."

"हो असं तरी कुठे लिहिलंय?"

 चौदा महिने मी जपानमध्ये, कानाझावात, मोरिशिता-सानांच्या घरी राहिले होते. वरच्या मजल्यावरची, चटया घातलेली खोली माझी होती. खाली त्या आणि त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई. तांदळावर वाढणाऱ्या एका बुरशीवर मी विद्यापीठात काम करत होते. शिष्यवृत्ती संपली, मी जूनमध्ये परत आले, आणि सप्टेंबरात पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचं कळलं. एप्रिल ब्याण्णवपासून. पण परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या एखाद्या माणसाची लेखी हमी लागे. पहिल्या वेळी विद्यापीठाच्या एका मंडळाने ती घेतली होती. आता आमच्या सरांनी आधीच दोघांसाठी सह्या केल्या होत्या, तिसरी त्यांना करता येत नव्हती. मोरिशिता-सानांखेरीज मी विचारू शकेन असं त्या देशात कुणी नव्हतं, आणि राहायचंही पुन्हा त्यांच्याच घरी, असं मी धरून चालले होते. कागद जानेवारीअखेर पोहोचायला हवा होता. नाही पोहोचला तर प्रवेश रद्द.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसरं पत्र आलं, तेही त्यांनी आपण होऊन लिहिलेलं. त्यांचा जावई चिंचवडकडच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आला होता, मुलगी कोरेगाव पार्कात राहत होती. मोरिशिता-सान तिला भेटायला येणार होत्या. अडचण होणार नसेल तर दोन दिवस आमच्या घरी राहून मी कुठे वाढले ते पाहावं, अशी त्यांची इच्छा होती.

"सही करायची नाही, आणि राहायला येणार?" आई म्हणाली. "कमाल आहे बाई."

"सही करायची असेल म्हणूनच येत असतील."

"मग तसं लिहायला शाई महाग होती का?"

मला कानाझावात गेल्यापासून एक सवय लागली होती. जे समजत नसे ते मी वहीत लिहून ठेवायची. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा, हे लिहिलं की समजे. प्रयोगशाळेत सर निघाल्याशिवाय कुणी का निघत नाही, हे लिहूनही समजत नसे, पण निदान नोंद होई. आंघोळीचं तर पहिल्याच संध्याकाळी मी पूर्ण लिहून घेतलं होतं, कारण मोरिशिता-सानांनी ते मला खुणांनी करून दाखवलं होतं. आधी टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसायचं. नळाच्या पाण्याने, साबणाने अंग स्वच्छ धुवायचं. मग गळ्यापर्यंत पाणी असलेल्या खोल टबात शिरायचं आणि नुसतं बसायचं. पाणी इतकं गरम असे, की पहिले दोन दिवस मी पाय घालूनच परत काढला.

रोज संध्याकाळी साडेसहाला त्या जिन्याखालून हाक मारत. टब भरलेला असे. पहिली आंघोळ नेहमी माझी. मी टबातून उठले की माझ्या आईच्या शिस्तीप्रमाणे टबाचं बूच काढून पाणी सोडून द्यायची, ब्रशने टब घासायची, फरशी पुसायची. दुसऱ्याने आत पाऊल टाकलं तर आधी कुणी आंघोळ केली असं वाटता कामा नये, हे आमच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं. बाहेर आले की मोरिशिता-सान कमरेत वाकून म्हणत, "फार श्रम घेता तुम्ही." मी म्हणे, "छे छे." मग वर जाऊन अभ्यासाला बसे. थोड्या वेळाने खाली पुन्हा नळ वाहायला लागल्याचा आवाज येई. मला वाटे, प्रत्येकजण आपापलं पाणी भरून घेतो.

शरद ऋतूत प्रयोगशाळेची सहल डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली होती. तिथे बायकांच्या कुंडात आम्ही तिघी आणि गावातल्या सात-आठ म्हाताऱ्या एकाच पाण्यात बसलो होतो. ते मी वहीत 'पोहण्याचा तलाव' या सदरात लिहिलं.

मोरिशिता-सान आमच्याकडे आल्या त्या सतरा जानेवारीला, शुक्रवारी. मी त्यांना रिक्षातून आणलं. नारायण पेठेत आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही. साठीतल्या त्या बाई प्रत्येक जिन्यावर थांबून "छान, छान" म्हणत होत्या. काय छान ते कळत नव्हतं. जिन्यावर सायकलची दोन जुनी टायरं आणि शेजारच्यांच्या चपला होत्या.

दारातच आईने त्यांना नमस्कार केला. त्या वाकल्या. आई पुन्हा नमस्कार करणार, तेवढ्यात त्या पुन्हा वाकल्या. "हे किती वेळ चालतं?" आईने मला मराठीत विचारलं.

"शेवटी कुणीतरी थांबतं."

"मग मीच थांबते. पोळ्या व्हायच्यात."

त्यांनी आणलेला मिठाईचा पुडा आईने त्यांच्यासमोर उघडला नाही, कपाटात ठेवून दिला. मी रस्ताभर याची काळजी करत आले होते, कारण तिकडेही देणाऱ्यासमोर पुडा उघडत नाहीत. इथे दोन्ही बाजूंचं न सांगता जुळलं. त्यामुळे मला उगाच धीर आला.

जेवताना बाबांनी त्यांना मार्केट यार्डातल्या गुळाच्या ढेपांबद्दल सांगितलं. ते तिथे एका आडतीत कारकून होते, पहाटे पाचला घर सोडत. मी भाषांतर करत होते. मोरिशिता-सानांनी गुळाचा खडा जिभेवर ठेवून हळूहळू विरघळू दिला. नंतर आम्ही गच्चीवर गेलो. मला वाटलं, आता विचारावं.

"माझं पत्र मिळालं असेल," मी म्हणाले.

"हो. अक्षर फार सुधारलंय तुमचं."

"त्या कागदाची मुदत एकतीस तारखेला संपते."

त्यांनी मान हलवली. मग खाली रस्त्यावर पाहत म्हणाल्या, "इथे पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी साडेपाच ते आठ."

"मग सगळ्यांना भरून ठेवावं लागत असेल."

"हो."

"वाहतं पाणी जपून वापरावं लागत असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, की पुढचं मी बोलायला हवं.  मी पर्वतीकडे बोट दाखवून टेकडीची उंची सांगितली.

"विचारलंस?" खाली आल्यावर आईने विचारलं.

"हो."

"मग?"

"नळाला पाणी कधी येतं ते विचारत होत्या."



दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांच्यासाठी गीझर लावला, मोठी बादली काठोकाठ भरली, नवा साबण, पंचा, बसायला पाट असं सगळं मांडलं. "त्यांना म्हणावं, अगदी निवांत करा. पाणी लागलं तर हाक मारा." मी सांगितलं. मोरिशिता-सान आत गेल्या. आतून फारसा आवाज आला नाही. वीस मिनिटांनी बाहेर आल्या त्या लालबुंद गालांनी, आईसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आधी गेले. क्षमा असावी."

"क्षमा कसली?" आई म्हणाली. "पाहुण्यांनीच आधी जायचं असतं. सांग त्यांना." मग खांद्यावर टॉवेल टाकून ती आत गेली.

आमचं न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच आहे. मोरिशिता-सान टेबलाशी बसल्या, मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. आतून लाकूड फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मग पाणी. मगाने ओतल्यासारखं नाही, बादली उपडी केल्यासारखं, धो धो, मोरीच्या जाळीतून गुडगुडत जाणारं. मग बादलीत ब्रश फिरल्याचा खरखर आवाज. मग नळ.

मोरिशिता-सानांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या न्हाणीघराच्या बंद दाराकडे शांतपणे पाहत होत्या. तो चेहरा मी चौदा महिने रोज संध्याकाळी पाहिला होता.

मी दाराशी गेले. "आई, काय ओतलंस?"

"उरलेलं पाणी. पाऊण बादली शिल्लक! अंगावर तरी घेतलं का नाही कोण जाणे. आणि वर पाट झाकून ठेवला होता बाईंनी."

"गरम होतं?"

"चांगलं कढत."

"मग ओतलंस कशाला?"

"मग काय, दुसऱ्याच्या उष्ट्या पाण्याने आंघोळ करू? जा, चहा दे त्यांना."

मी तिथेच उभी राहिले. कानाझावातल्या टबाशेजारी भिंतीला तीन लांब फळ्या टेकून ठेवलेल्या असत. मी रोज त्याही घासायची. त्या टबावर बरोबर बसतात हे मी पाहिलं होतं, आणि धुळीसाठी असाव्यात असं ठरवून टाकलं होतं. पाणी झाकून ठेवण्यासाठी, ते निवू नये म्हणून, असं एकदाही मनात आलं नाही. कारण आंघोळीनंतर पाणी उरतं, हेच माझ्या हिशेबात नव्हतं. मोरिशिता-सानांनी पहिल्या संध्याकाळी सगळ्या पायऱ्या करून दाखवल्या होत्या. 'बूच काढू नका' एवढं दाखवलं नव्हतं. प्रयोगाची कृती लिहितानाही जे सगळ्यांना ठाऊकच असतं ते कुणी लिहीत नाही.

मी त्यांच्यासमोर येऊन बसले. माझं जपानी अशा वेळी नेमकं शाळकरी होतं.

"मोरिशिता-सान, टबातलं पाणी. ते तुमच्यासाठीही असायचं का?"

त्या कपाच्या कानाकडे पाहत राहिल्या. "गरम पाणी घरातल्या सगळ्यांचं असतं," मग म्हणाल्या. "आत शिरण्याआधी अंग धुतो ना आपण. म्हणून ते स्वच्छच राहतं."

"आणि मी रोज सोडून देत होते."

"घासूनही ठेवत होता. फार श्रम घेत होता."

"मग तुम्ही दोघी?"

"पुन्हा भरायचो. आईची आंघोळ थोडी उशिरा व्हायची, एवढंच."

थोडी म्हणजे किती, ते मी मनात मांडलं. तो टब भरून तापायला चाळीस मिनिटं लागत. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, कानाझावाचा फेब्रुवारी. वर अभ्यास करताना मला खालून तिचा खोकला ऐकू येई.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"मी वाचनालयात गेले होते," त्या म्हणाल्या. "भारतावरची पुस्तकं काढली. त्यांत लिहिलं होतं, की तुमच्याकडे दुसऱ्याने वापरलेलं पाणी घेत नाहीत, वाहत्या पाण्यात स्नान करतात. मला वाटलं, तुमच्या धर्माचा भाग असेल. आणि मग वाटलं, आमच्या पाण्याची तुम्हाला शिसारी येत असेल, पण सभ्यपणामुळे बोलत नाही. विचारलं असतं, तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं."

"पण पहिली तर मीच असायचे! माझं पाणी तुम्हाला वापरावं लागू नये म्हणून मी..."

  दोघींनीही एकमेकींना आपलं वापरलेलं पाणी नको म्हणून इतकी काळजी घेतली होती, की तो टब चौदा महिने रोज दोनदा भरला जात होता.

आई केस पुसत बाहेर आली. "काय झालं? रडतेयस का?"

"नाही."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"चौदा महिने? त्यांचं तापवलेलं पाणी?"

"हो."

"आणि वर घासून ठेवलंस?"

"तूच शिकवलंस."

"मी बादली शिकवली होती. टब कुठे शिकवला?" मग मोरिशिता-सानांकडे वळून, त्यांना मराठी समजतं अशा थाटात ती म्हणाली, "मघाशी ओतलं त्याबद्दल रागावू नका हो. पण आमच्यात नाही चालत. तुम्ही पाट झाकलात, मला वाटलं झुरळ-बिरळ पाहिलंत."

मी भाषांतर केलं. झुरळाला शब्द आठवला नाही म्हणून किडा म्हटलं. मोरिशिता-सान तोंडावर हात ठेवून हसल्या, मग उठून आत गेल्या आणि आपल्या बॅगेतून एक मोठं पाकीट घेऊन आल्या. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

आत हमीपत्र होतं. पूर्ण भरलेलं, खाली लाल गोल शिक्का. क्षणभर मला बरं वाटलं. मग नाव वाचलं. ते त्यांचं नव्हतं. हमीदार : ताकेदा. व्यवसाय : निवृत्त मुख्याध्यापक. पत्ता विद्यापीठाच्या पलीकडच्या बाजूचा.

"फार चांगले गृहस्थ आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मागच्या अंगणात स्वतंत्र खोली आहे. तिला स्वतंत्र न्हाणी. भिंतीतून फवारा येतो, पाणी सतत वाहतं. तुम्हाला आमच्याकडे त्रास झाला, तरी तुम्ही पुन्हा आम्हालाच विचारलंत, ते केवळ आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. हे मला कळत होतं. पत्रात कसं लिहावं ते समजेना. म्हणून स्वतः घेऊन आले."

"काय आहे?" आईने विचारलं.

"हमीपत्र. दुसऱ्यांचं."

"म्हणजे मिळालं की! मग चेहरा का असा?"

मी मोरिशिता-सानांना म्हणाले, आणि मला जपानीत जितकं सरळ बोलता येतं तितकं सरळ म्हणाले, "मला तुमच्याच घरी राहायचं आहे. म्हणून विचारलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नाही."

 खाली भंगारवाला ओरडत गेला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "ताकेदा-सानांनी खोलीत नव्या चटया घालून घेतल्या आहेत."

"काय म्हणाल्या?" आई.

"त्यांनी नव्या चटया घातल्यात."

"मी चटयांचं नाही विचारलं. तू विचारलंस त्याचं काय?"

"तेच उत्तर आहे."

तिथल्या चटया म्हणजे खोलीची जमीनच असते. ती अख्खी बदलतात, कित्येक वर्षांतून एकदा. ज्या माणसाने न पाहिलेल्या मुलीसाठी शिक्का मारला आणि जमीन बदलून घेतली, त्याच्याकडे जाऊन 'आता नको' म्हणायला मोरिशिता-सानांना तोंड उरलं नसतं. मला ते कळत होतं. पण त्यांनाही वाईट वाटतंय का, की सुटल्यासारखं वाटतंय, ते काही केल्या कळत नव्हतं. वाईट वाटणं आणि सुटणं, दोन्हींचे चेहरे त्यांच्याकडे एकसारखेच असत.

"मी आभारी आहे," मी म्हणाले, आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांची मुलगी गाडी घेऊन आली. निघताना दारात पुन्हा वाकणं झालं. आईने त्यांना गुळाची एक लहान ढेप दिली, ओटी भरली. मोरिशिता-सान जिन्याच्या पहिल्या पायरीवर उतरल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "शनिवारी आमच्याकडे आंघोळीला येत जा."

हे खरं बोलावणं होतं, की निघताना बोलायचं म्हणून? 'या एकदा जेवायला' असं आपणही म्हणतो, आणि कुणी खरंच आलं तर आपली धांदल उडते. तिकडे असताना अशा वाक्यांवर मी नुसती वाकायची आणि नंतर वहीत प्रश्नचिन्ह काढायची. या वेळी मी विचारलं, "कुठल्या शनिवारी?"

त्यांच्या मुलीने दचकून माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ विचारणं तिकडे बरं दिसत नाही.

मोरिशिता-सानांनी मात्र हातातली बॅग पायरीवर ठेवली, आतून छोटी डायरी काढली, पानं उलटली. "अकरा एप्रिल," त्या म्हणाल्या. पेन्सिलने लिहिलं. "साडेसहा वाजता. आधी माझी आई जाईल, गुडघ्यामुळे. मग तुम्ही. मग मी."

त्या गेल्यावर आईने दार लावलं. "शेवटी काय चाललं होतं त्यांचं डायरीत?"

"शनिवारी आंघोळीला बोलावलंय. अकरा एप्रिलला. आधी आजी, मग मी, मग त्या."

"आंघोळीला बोलावतात?" आईने कडी घातली आणि वळली. "बरं, बोलावलं तर बोलावलं. पण पाहुणीला दुसरा नंबर? इतके दिवस पहिली असायचीस ना तू?"

"असायचे."

"मग आता काय झालं? रागावल्या म्हणायचं."

"नाही, आई."

"म्हातारीच्या अंगावरचं पाणी तुला, आणि म्हणे रागावल्या नाहीत. तू बसणारेस त्यात?"

"हो."

 ती पाहुण्यांचा पंचा वाळत घालायला गच्चीवर निघाली. जिन्यातून तिचा आवाज आला, "मला तर ह्यातलं काही कळत नाही. पत्ता लिहिलास का पाकिटावर? सोमवारी पोस्ट उघडल्या उघडल्या टाक ते."